डोहाच्या तळाशी सतरा वाट्या

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे. पण कान मोठ्यांनीच जास्त उघडे ठेवा, कारण गोष्टीतली चूक लहानांनी केलेली नाही.

एका राज्याच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. नदी गावाला वळसा घालून जायची आणि वळणावर तिचा एक खोल, संथ डोह होता. त्या डोहात कुणी पोहत नसे, कुणी मासे धरत नसे. कारण डोह गावचा न्यायाधीश होता.

आपल्या भाषेची एक गंमत बघा. पाण्यावर राहिला तो तरला, आणि संकटातून वाचला तोही तरला. तळाला गेला तो बुडाला, आणि ज्याचं वाटोळं झालं तोही बुडाला. शब्द तेच. त्या गावच्या पूर्वजांनी या शब्दांवर अख्खा न्याय उभा केला. जो खरा तो तरेल, जो खोटा तो बुडेल. ऐकायला किती गोड वाटतं, नाही का?

रीत अशी होती. लग्न झालं, नवं घर थाटलं, की गावाकडून त्या घराला एक शेर तांबं मिळायचं. गावचा तांबट त्या तांब्याची वाटी ठोकून द्यायचा. तिला म्हणायचे घरवाटी. नव्या सुनेचा पहिला घास त्या वाटीतून, घरातल्या बाळाचं उष्टावण त्याच वाटीतून. आणि गावात तंटा झाला, कोण खरं कोण खोटं ते कळेना, की दोन्ही घरांच्या घरवाट्या डोहावर यायच्या.

देवळातल्या गुरवाकडे एका लाकडी डबीत पाच गोटे असत. आवळ्याएवढे, काळेभोर, गुळगुळीत. गुरव वाटी पाण्यावर ठेवायचा आणि तिच्यात एकेक करून पाचही गोटे सोडायचा. वाटी तरली तर माणूस खरा. वाटी बुडाली तर माणूस खोटा, आणि खोट्याने त्याच दिवशी गाव सोडायचं. गोटे तेवढे गुरव सुंभाने बांधलेले ठेवायचा, म्हणून ते वर ओढून घेता यायचे. बुडालेली वाटी मात्र कुणी काढत नसे. ती डोहाची झाली.

गावाला या न्यायाचा कोण अभिमान! "आमच्याकडे लहान-मोठा भेद नाही," असं ते पाहुण्यांना सांगायचे. "तांबं सगळ्यांना सारखं, गोटे सगळ्यांना सारखे, पाणी सगळ्यांना सारखं."

आणि खरंच की, तिन्ही सारखं होतं. त्यात खोट नव्हती.

आता तांबटाची ओळख करून देतो. त्याचं नाव केरोबा. गोष्ट घडली तेव्हा तो साठीचा होता, हात अजून दणकट, कान मात्र ठोक्यांनी थोडे मंद झालेले. पंचवीस वर्षांचा असल्यापासून गावच्या सगळ्या घरवाट्या त्याच्याच हातच्या. प्रत्येक वाटीच्या बुडाला तो त्या घराची खूण कोरायचा. सुताराच्या वाटीला करवत, माळ्याच्या वाटीला फूल, बुरुडाच्या वाटीला बांबूचं पेर.

तांबं सगळ्यांना एक शेर, पण वाटी ज्याच्या त्याच्या मर्जीप्रमाणे. मोठ्या घरचे लोक यायचे आणि म्हणायचे, "केरोबा, चांगली पसरट कर. पातळ कर. फडताळात ठेवली की लकाकली पाहिजे." त्यांच्या घरात वाटी घासायला माणसं होती, ती आपटायची नाही, चेपायची नाही. गरीब घरचे यायचे आणि म्हणायचे, "बाबा, जाड कर. खोल कर, तोंड बारीक ठेव. चुलीवर चढवू, आमटी करू, पोरं आपटतील. नातवापर्यंत टिकली पाहिजे." केरोबा दोघांनाही हवी तशी ठोकून द्यायचा. दोघंही खूश होऊन जायचे.

आता केरोबाला एक गोष्ट ठाऊक होती, जी गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. ती त्याला त्याच्या बापाने शिकवली होती, धंद्याचाच भाग म्हणून. वाटीला कुठे बारीक छिद्र राहिलंय का हे पाहायला तांबट ती कुंडातल्या पाण्यावर सोडतो. तेव्हा एकदा बापाने एक घंगाळ काठोकाठ भरलं आणि त्यात एक वाटी अलगद तरंगत ठेवली. जे पाणी सांडलं ते त्याने द्रोणात धरलं. मग तागडीच्या एका पारड्यात ते पाणी आणि दुसऱ्या पारड्यात ती वाटी. काटा बरोबर मधोमध उभा राहिला.

"बघितलंस?" बाप म्हणाला होता. "वाटी पाण्यात बसायला जागा करते. जेवढं पाणी ती बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाएवढं ओझं पाणी उचलतं. त्याहून रतीभर जास्त नाही. तांब्याचा गोळा टाक, तो जागाच किती करणार? म्हणून तळाला जातो. त्याच गोळ्याची पसरट वाटी ठोक, ती भरपूर पाणी सारते, म्हणून तरते. तांबं तेवढंच. खेळ सगळा आकाराचा."

म्हणजे लक्षात आलं ना? केरोबाला वाटी हातात घेतली की कळायचं, ही पाच गोट्यांना तरेल की तिसऱ्यालाच जाईल. डोहावरचा निकाल त्याला त्याच्या ऐरणीवर आधीच दिसत असे.

मग तो बोलला का नाही?

हे विचारावंच लागेल. आधी तो तरुण होता, वाटायचं, देवाच्या कौलाबद्दल मी कोण बोलणार? पुढे वाटलं, बोललो तर लोक मला पाखंडी म्हणतील. आणि खरं सांगू? त्याला त्याच्या घरवाट्यांचा मानही गोड लागत होता. लग्नात वाटी घेऊन गेला की त्याला पहिल्या पंगतीला बसवत. माणूस गप्प बसायला फार मोठं कारण शोधत नाही. छोटी छोटी दोन-तीन मिळाली तरी त्याचं भागतं.

त्याच्या जिवाभावाचा एक मित्र होता, इठू बुरूड. सुपं, टोपल्या विणायचा, आणि विणता विणता असं काही बोलायचा की केरोबा हातोडा खाली ठेवून हसायचा. बावीस वर्षांपूर्वी इठूवर आळ आला, त्याने देवराईतला बांबू तोडला म्हणून. आळ घेणारा होता गावचं बियाणं सांभाळणाऱ्या कोठीवाल्यांच्या घरचा कारभारी पुरुष. दोन्ही वाट्या डोहावर आल्या. इठूची वाटी केरोबाने स्वतः ठोकलेली, जाड, खोल, बारीक तोंडाची. इठूने मुद्दाम तशी मागून घेतली होती.

चौथ्या गोट्याला ती गेली.

इठूने केरोबाकडे पाहिलं होतं. त्या नजरेत राग नव्हता, नुसता गोंधळ होता. मग तो बायकोला आणि तान्ह्या मुलीला घेऊन, डोक्यावर दोन टोपल्या ठेवून घाट चढून गेला. केरोबा भट्टीपाशी येऊन बसला आणि त्या दिवशी त्याने भाता ओढला नाही.

एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा कामाला सुरुवात केली.

अशी बावीस वर्षं गेली. आता त्या वर्षाची गोष्ट, ज्या वर्षी गावचं बियाणं नासलं.

गावाचं पेरणीचं बियाणं जमिनीत खोदलेल्या एका मोठ्या पेवात असायचं. त्या पेवाचा कोठीवाला होता रायाजी, ज्याच्या बापाने इठूवर आळ घेतला होता त्याचाच मुलगा. आणि पेवातलं धान्य उन्हात घालायला, पाखडायला, पुन्हा भरायला होती सगुणा. सगुणा विधवा होती. घरी एक आंधळी, पांगळी सासू. त्या म्हातारीला तीच उचलून उन्हात आणायची, तीच घास भरवायची.

त्या वर्षी वळवाचा एक मोठा पाऊस झाला आणि पेवात पाणी शिरलं. झाकण न काढताच कळलं, आत सगळं बियाणं कुजलंय, इतका वास सुटलेला. पेरणी तोंडावर आलेली. गाव हादरलं.

रायाजी म्हणाला, "सगुणेने झाकण नीट लावलं नाही."

सगुणा म्हणाली, "झाकण मी लावलं होतं. वर लिंपायचं काम माझं नाही."

पाटलांनी दोघांचं ऐकलं आणि सवयीप्रमाणे म्हणाले, "उद्या सकाळी डोहावर."

त्या दिवशी उन्हं कलली तेव्हा सगुणा तांबटाच्या दुकानात आली. पदराखालून तिने आपली घरवाटी काढली आणि केरोबासमोर ठेवली.

"केरोबामामा, ही तुम्हीच ठोकलेली. कुठे चेपली असेल, फुटली असेल तर बघा. माझं मन खरं आहे, पण वाटीत दोष असायला नको."

केरोबाने वाटी उचलली. जाड बूड, खोल पोट, बारीक तोंड. तिच्या सासूने पंचवीस वर्षांपूर्वी, सगुणेच्या लग्नात मागितली होती तशी. ही चौथ्याला जाणार, कदाचित तिसऱ्यालाच.

"मामा, तरेल ना?" सगुणा म्हणाली. "मी एकटी असते तर कुठेही गेले असते. पण म्हातारीला घेऊन घाट कसा चढू? तिला पाठीवर घेतलं तर चार पावलांत तिला धाप लागते. मी गाव सोडलं म्हणजे ती वाटेत गेलीच समजा."

केरोबा उठला. त्याने दुकानाचं दार लोटलं आणि हळूच म्हणाला, "पोरी, ही राहू दे. आत्ता बसतो आणि हीच तापवून, ठोकून पसरट करून देतो. खूण तीच राहील. कुणाला कळायचं नाही."

सगुणेला आधी समजलं नाही. मग हळूहळू समजलं. तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे पसरट वाटी तरते? माणूस कसाही असला तरी?"

केरोबाने मान खाली घातली.

"मामा, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

त्याने हातातली वाटी उलटी केली.

"इठूकाकांच्या वेळीही ठाऊक होतं?"

त्याने नुसती होकारार्थी मान हलवली.

सगुणेने त्याच्या हातातून वाटी काढून घेतली. "मग मला नको पसरट करून. मी चोरून तरले, तर आजवर बुडाले ते सगळे खोटेच ठरले की. इठूकाका खोटे नव्हते, मामा. माझ्या लग्नात रुखवताची टोपली त्यांनी विणली होती."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "मी उद्या हीच वाटी घेऊन येईन. तुम्हीही या," एवढं म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारं गाव डोहाच्या काठाला जमलं. पाटील दगडावर बसले. गुरवाने डबी उघडली. सगुणेच्या म्हातारीला कुणीतरी बाजेवरून आणून सावलीत ठेवलं होतं, तिला दिसत नव्हतं, ती नुसतं "काय झालं गं? काय झालं?" असं विचारत होती. केरोबाही आला. त्याने हातोडा, छोटी ऐरण आणि कोळशाची शेगडी बरोबर आणली होती. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

आधी रायाजीची वाटी. पसरट, पातळ, आरशासारखी. एक गोटा, दोन, तीन, चार, पाच. वाटी डुलली आणि तरली. रायाजीने छाती भरून श्वास घेतला.

गुरवाने सगुणेच्या वाटीला हात घातला आणि केरोबा ओरडला, "थांबा!"

"केरोबा," पाटील म्हणाले, "कौल चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. रीत विसरलात का?"

"पस्तीस वर्षं नाही बोललो, पाटील. आज बोलतो. हा कौल खोटा आहे."

काठावर एकच गलका उठला. गुरव पुढे झाला. "देवाचा कौल खोटा म्हणतोस? जीभ झडेल तुझी!"

"थांबा, थांबा," केरोबा म्हणाला. त्याने झोळीतून आपली स्वतःची घरवाटी काढली. "तुमच्याच रीतीने होऊ द्या. मी म्हणतो, हा कौल खोटा आहे. ही माझी वाटी. घाला पाच गोटे. बुडाली तर मी खोटा, आत्ता गाव सोडतो. तरली तर मी खरा, आणि मग तुम्ही माझं ऐकायचं. कबूल?"

पाटलांना नाही म्हणायला जागाच राहिली नाही. "कबूल," ते म्हणाले.

केरोबाची वाटी पाण्यावर ठेवली. तांबटाने स्वतःसाठी केलेली वाटी ती, पसरट आणि हलक्या हाताने ठोकलेली. एक, दोन, तीन, चार, पाच. वाटी तरली.

आता आली का पंचाईत! नदी सांगत होती की नदीचा कौल खोटा. कौल खरा मानावा तर केरोबा खरा, आणि केरोबा खरा तर कौल खोटा. पाटलांनी कपाळाला हात लावला. मागे कुणीतरी हसलं, पण ते हसणं लगेच थांबलं, कारण केरोबा रडत होता.

"पाटील," तो म्हणाला, "उन्हाळ्याचं पाणी खाली गेलंय. नावाड्यांना सांगा, बुडी मारा. आजवर जेवढ्या वाट्या बुडाल्या तेवढ्या सगळ्या वर काढा."

गुरवाने विरोध केला, पण पाटलांनी शब्द दिला होता. दोन नावाड्यांनी उड्या टाकल्या. एक वाटी वर आली, मग दुसरी, मग दोन एकदम. शेवाळाने हिरव्या झालेल्या, गाळाने भरलेल्या. केरोबा एकेक वाटी पाण्याने धूत होता आणि काठावर ओळीने पालथी ठेवत होता. दुपार होत आली तेव्हा नावाडी म्हणाले, "आता खाली काही नाही."

सतरा वाट्या होत्या.

"या, बघा," केरोबा म्हणाला. "बुडाची खूण बघा आणि तोंडं बघा."

लोक पुढे आले. एकेक खूण वाचू लागले. ही धनगराची. ही मोट शिवणाऱ्याची. ही कुंभाराची. ही दळण दळणाऱ्या गंगूची. सतराच्या सतरा वाट्या जाड होत्या, खोल होत्या, बारीक तोंडाच्या होत्या. पसरट एकही नव्हती. एकाही मोठ्या घरची खूण त्यांच्यात नव्हती.

एक म्हातारी खाली बसली आणि एका वाटीवरून हात फिरवत राहिली. ती तिच्या भावाची होती.

"काय म्हणायचंय तुम्हाला?" रायाजी म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता. "गरीबच खोटं बोलतात, असंही असू शकतं."

केरोबा वाट्यांपाशी गेला. त्याने सतरातली एक वाटी उचलली. तिच्या बुडाला बांबूचं पेर कोरलेलं होतं. त्याने शेगडी पेटवली, वाटी लाल होईपर्यंत तापवली, पाण्यात बुडवून नरम केली आणि ऐरणीवर ठेवली. मग ठोके सुरू झाले. कोणी हललं नाही. तो तापवत होता, विझवत होता, ठोकत होता. घाम डोळ्यांत जात होता तरी पुसत नव्हता. उन्हं डोक्यावरून कलली. बारीक तोंड फाकत गेलं, जाड बूड पातळ होत गेलं.

"बघा," तो उठून म्हणाला. "तांबं मी वाढवलं नाही, की कमी केलं नाही. वाटी तीच, बांबूचं पेर तेच. गोटेही तुमचेच घ्या. इठूच्या वेळी ही चौथ्या गोट्याला गेली होती. गुरव, ठेवा पाण्यावर."

गुरवाने वाटी पाण्यावर ठेवली. एक. दोन. तीन.

चौथा गोटा पडला. वाटी थोडी खाली बसली आणि थांबली. पाचवा पडला. वाटी तरली.

"इठू आता खरा झाला का?" केरोबा म्हणाला. "बावीस वर्षांनी? पाण्याला खरं-खोटं कळत नाही हो. वाटी जेवढं पाणी सारते तेवढंच ओझं पाणी उचलतं, बस. तुम्ही गोटे सारखे ठेवलेत, तांबं सारखं दिलंत, आणि वाटीच्या आकाराकडे कुणी बघितलं नाही. मी बघितलं. वाट्या बापाने आणि मी ठोकल्या. हे सतराही लोक डोहाने बुडवले नाहीत, ते आमच्या ऐरणीवर बुडाले, आणि मी गप्प बसलो."

सावलीतून म्हातारीचा आवाज आला, "काय झालं गं, सगुणे?"

"काही नाही, आत्या," सगुणा म्हणाली. ती म्हातारीपाशी जाऊन बसली.

मग पाटील उठले. "तर मग आता निवाडा कसा करायचा?" त्यांनी विचारलं. खरंच, कुणालाच ठाऊक नव्हतं. इतक्या पिढ्यांत त्या गावाने कुणाला साधा एक प्रश्न विचारला नव्हता.

शेवटी सगुणाच म्हणाली, "पेवावर जाऊन बघूया ना."

सगळे पेवावर गेले. झाकण जागेवर होतं, नीट बसवलेलं. पण त्याच्या कडेने शेणमातीच्या लिंपणाची एक खपलीही नव्हती. कोठीवाल्याने लिंपण करून त्यावर आपल्या अंगठ्याचा ठसा उमटवायचा, ही रीत होती. ठसा नव्हता, कारण लिंपणच नव्हतं. त्याला सांगायला डोह लागला नाही.

पाटलांनी रायाजीकडे पाहिलं. रायाजी वाकला आणि त्याने त्या उघड्या कडेवरून बोट फिरवलं.

"मेव्हण्याच्या लग्नाला गेलो होतो," तो म्हणाला. "आल्यावर करू म्हटलं, मग राहून गेलं. पण पाटील, शपथेवर सांगतो, मी खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. आमच्या घरची वाटी कधी बुडाली नाही. लहानपणापासून हेच ऐकलं. मला वाटायचं, आमची वाटी तरते त्या अर्थी आमच्याकडून चूक होतच नसणार."

तो ढोंग करत नव्हता. हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. त्याच्या पसरट वाटीने त्याला स्वतःबद्दलही खोटंच सांगितलं होतं.

त्याला कुणी गावाबाहेर काढलं नाही. सगुणेनेच काढू दिलं नाही. त्याने आपल्या कोठारातलं धान्य पेरणीला दिलं आणि पेवाची किल्ली पाटलांकडे ठेवली. पाचही गोटे गुरवाने स्वतःच्या हाताने डोहात सोडले. ते तळाला गेले आणि त्यांना कुणी वर काढलं नाही.

आणि केरोबा?

गावाने त्याला शिक्षा केली नाही. त्याला तेच सहन झालं नाही. त्याने दुकानाला कडी लावली, इठूची वाटी फडक्यात बांधली आणि घाट चढून गेला.

गावोगाव विचारत तो फिरला. कुणी सांगायचं, असा एक बुरूड होता खरा, पुढच्या गावी बघा. दोन महिन्यांनी, पाऊस मधेच उघडलेला असताना, एका लांबच्या वाडीत त्याला टोपल्या विणणारी एक बाई दिसली. तिच्या बोटांची चाल त्याने लगेच ओळखली.

"इठू बुरुडाची लेक का तू?"

"हो. बाबा जाऊन सात वर्षं झाली. आई त्याच्या आधीच गेली. तुम्ही कोण?"

केरोबा अंगणात खाली बसला. त्याने फडकं सोडलं, वाटी तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. पोरीने विणणं थांबवून ऐकलं.

ऐकून झाल्यावर तिने हातातली टोपली बाजूला ठेवली. मग तिने वाटी उचलली, उलटी केली आणि बांबूच्या पेरावर अंगठा फिरवला.

"बाबा शेवटच्या दुखण्यात सारखं एकच म्हणायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, 'मी तो बांबू तोडला नव्हता. पण नदी कशी खोटं बोलेल? तोडला असेन मी. तोडला असेन आणि विसरलो असेन.' आम्ही समजावत होतो. पण त्यांना ते पटूनच गेलं."

केरोबाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"एक शब्द हवा होता त्यांना, काका," ती म्हणाली. "तुमच्याकडे होता की तो."

तिने त्याला हाकललं नाही. त्या वाटीत पाणी भरून त्याच्यापुढे ठेवलं, कारण तो लांबून चालत आला होता. केरोबाने वाटी उचलली. पण ते पाणी काही केल्या त्याच्या घशाखाली उतरलं नाही.

तर मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं मनात पक्कं ठेवा: ज्याला खरं ठाऊक असतं आणि तरी जो गप्प बसतो, बुडणाऱ्याच्या वाटीतला सहावा गोटा त्याचाच असतो.